गुंजाळमामांच्या वायरी

गुंजाळमामा नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. आधी त्याच्या लॅपटॉपच्या कडेला बघतात.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? अकरा वर्षांपूर्वी बेल्ह्याजवळच्या आमच्या शाळेत मी मराठीची बाई म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये बसले होते, तर खाकी शर्ट आणि पांढरी टोपी घातलेला एक काटकुळा माणूस माझ्या टेबलापाशी आला. नमस्कार नाही की चौकशी नाही. सरळ उकिडवा बसला. खिशातून बॅटरी काढली, माझ्या लॅपटॉपच्या डाव्या कडेवर उजेड पाडला, मग उजव्या कडेवर. एक सुस्कारा सोडला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला,

"बाई, तुमचं हितं जमायचं न्हाई."

रुजू होऊन पुरता तासही झाला नव्हता. मी चाचरत विचारलं, "का हो? काय चुकलं माझं?"

"तुमचं न्हाई चुकलं. तोंड चपटं हाय. आमचा प्रोजेक्टर पंधरा दाती." आणि माझा पडलेला चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "पण घाबरू नका. मी हाय."

हे काशिनाथ गुंजाळ. आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर. शाळेत शिपाई, परिचर, सगळ्यांनाच मुलं मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामा म्हणायचो. कागदोपत्री त्यांचं काम परीक्षानळ्या धुण्याचं आणि बेडकाचा सांगाडा पुसण्याचं. प्रत्यक्षात शाळेतला कॉम्प्युटर कशाला जोडायचा, प्रोजेक्टर कशाने पेटायचा आणि कोणाचं कोणाशी जमत नाही, हे सगळं त्यांच्या हातात होतं.

मामांचे वडील बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे व्यापारी होते. बैल घेताना त्याचं तोंड उघडून दात मोजतात, त्यावरून वय कळतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती. मामा लहानपणी वडिलांबरोबर बाजारभर हिंडले आणि ती नजर घेऊनच शाळेत आले. त्यामुळे त्यांनी व्हीजीए, एचडीएमआय असली नावं तोंडात कधी घेतलीच नाहीत. निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली जाड वायर म्हणजे पंधरा दाती. मामांनी दात खरोखर मोजले होते. पाच-पाचच्या तीन ओळी. टीव्हीला लागते ती चपटी. पांढऱ्या रुंद टोकाची, जिचा उपयोग आमच्या शाळेत कुणालाच कधी झाला नाही, ती बत्तिशी. आणि अलीकडे फोनला येते ती गोल टोकाची इवलीशी, ती गोळी.

"आधी तोंड बघायचं," मामा म्हणायचे. "मग वायर काढायची. लोक आधी वायर काढत्यात, घुसवत्यात, वाकडी करत्यात आन मग मला हाक मारत्यात."

हे 'आधी तोंड बघायचं' दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. प्रोजेक्टरला, प्रिंटरला, मोबाईलला, एकदा तर पाण्याच्या टाकीच्या नळाला.

मामांची बॅग हा वेगळाच विषय. गावातले गुरांचे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांची चामड्याची बॅग मामांनी मागून घेतली. तिच्यात पूर्वी इंजेक्शनं असायची तिथे आता वायरी होत्या. प्रत्येक वायरीचं वेटोळं केलेलं आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेलं. हिरवी पट्टी पंधरा दातीची, लाल चपटीची. बॅग सायकलच्या हँडलला लटकवून मामा निघाले की रस्त्यात लोक थांबवायचे.

"मामा, कुणाची म्हैस अडली?"

"म्हैस न्हाई. केंद्रशाळेचा कॉम्प्युटर अडलाय."

पश्चिमेला मढपासून तिकडे आंबेगावात लोणीपर्यंत जिथे जिथे शिक्षकांचं प्रशिक्षण असायचं, तिथून मामांना बोलावणं यायचं. कारण प्रशिक्षण देणारे पुण्याहून यायचे, आणि पुण्याहून येणाऱ्याचं तोंड इकडच्या प्रोजेक्टरशी कधीच जुळायचं नाही. साठ शिक्षक सतरंजीवर बसलेले, साहेब घामाघूम, पडद्यावर निळा उजेड. अशा वेळी मामा दारात दिसले की लोक टाळ्या वाजवायचे.

फक्त एक अडचण होती. वायरीच्या टोकांना तंत्रज्ञ लोक मेल आणि फिमेल म्हणतात. मामांनी त्याचं सरळ मराठी केलं होतं. एकदा तपासणीला दोन अधिकारी आले, मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या मोठ्या बाई त्यांच्याशी अदबीने बोलत होत्या, आणि मामा दारातून ओरडले, "मोठ्या बाई, न्हाई जमायचं! दोन्ही नर हायेत!"

दोघा साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

मामा एकदा घरच्यांबरोबर पुतण्यासाठी लोणीची एक मुलगी बघायला गेले होते. मुलगी पुण्यात कंपनीत नोकरीला. चहा-पोहे झाले, बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मामांची पाळी आली. मामांनी विचारलं, "ताई, कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपला पंधरा दाती तोंड हाय का?"

पुतण्या घामेजला. मुलगी उठली, आतून पर्स घेऊन आली आणि तिने तीन वेगवेगळे जोड काढून मामांच्या पुढ्यात ठेवले. चपट्याचा पंधरा दाती करणारा, गोळीचा चपटा करणारा आणि एक मामांनी आयुष्यात न पाहिलेला.

परतताना मामांनी निकाल दिला, "पोरगी संसारी हाय. करून घ्या."

लग्न झालं. छान चाललंय त्यांचं.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मामांना मनापासून राग यायचा. एक तोंड ओळखीचं होतंय तोवर दुसरं यायचं. शाळेला कुणी कॉम्प्युटर देणगी दिला की त्याला नवंच भोक. जुनी वायर चांगली धडधाकट असूनही कपाटात जायची. मामा ती हातात घेऊन बसायचे. "हिचं काय वाईट झालंय? दात शाबूत, अंग शाबूत. ह्या लोकांनी एकदा एका जागी बसून ठरवायला काय व्हतं?"

एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे फुलस्केप कागद ठेवला. "बाई, तेवढं शुद्धलेखन बघा."

मी वाचलं. 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, जगातील सर्व कॉम्प्युटर कंपन्या. विषय : सर्व यंत्रांची तोंडे एकसारखी करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपण दर दोन-तीन वर्षांनी तोंडे बदलता. त्यामुळे ग्रामीण भागातील शाळांची फार गैरसोय होते. आमच्याकडे कुठल्याही गावचा बैल कुठल्याही गावच्या जुवाला चालतो. तरी आपण सर्वांनी एकदा बसून काय ते ठरवावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.'

मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि विचारलं, "मामा, पाठवणार कुठे?"

"ते बघू. आधी जावक नंबर तर पडू द्या."

आमचे क्लार्क नियमाचे पक्के. पत्ता नसलेल्या पत्राला जावक नंबर कसा द्यायचा म्हणून अडून बसले. मामा दोन दिवस त्यांच्या टेबलाशी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी क्लार्कने वैतागून नंबर टाकला. पत्र फाइलला लागलं. मामांना तेवढं पुरे होतं.

आणि गंमत बघा, तीन-चार वर्षांनी स्टाफरूममध्ये एका नव्या सरांनी लॅपटॉप चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने तीच वायर काढून फोनला लावली. मग आणखी कोणीतरी ती स्वतःच्या फोनला लावली. मामा कोपऱ्यातून बघत होते. जवळ आले. बॅटरी मारली. तिन्ही तोंडं एकच. गोळी.

"पोचला," मामा म्हणाले.

"काय पोचलं?"

"अर्ज."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या स्टाफला पेढे वाटले. मोठ्या बाईंनी निमित्त विचारलं तर म्हणाले, "शाळेच्या पत्रव्यवहाराला यश आलं."

हा आनंद महिनाभर टिकला. मग मामांनी फोनची गोळी जोडावर जोड लावून प्रोजेक्टरला जोडली आणि पडदा काळाच राहिला. वायर बदलली, जोड बदलला, तरी काळाच. शेवटी त्याच नव्या सरांनी समजावलं की मामा, सगळ्या फोनांना भोक सारखंच असलं तरी सगळ्यांतून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून पडतं, काहींतून नुसतं चार्जिंग होतं. वरून कळत नाही.

मामांनी जोड एकेक करून सोडवले. मग म्हणाले, "म्हंजे तोंड दिलं, पण जीभ न्हाई दिली."

त्यानंतर काही दिवस ते शिक्षकांच्या मागे लागले. "बाई, तुमच्या फोनातनं चित्र बाहेर पडतं का? बघू जरा." एकेकाचा फोन घ्यायचे, जोडायचे, नाराज होऊन परत करायचे. आम्ही हसायचो. गुंजाळमामांना आता सिनेमा बघायचाय म्हणायचो.

त्याच सुमाराचा एक कार्यक्रम मी विसरणार नाही. आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी, आता बंगळूरला मोठा अभियंता, मुलांना व्याख्यान द्यायला आला. सगळं गाव सभागृहात. पाहुण्यांनी लॅपटॉप काढला. पापडाइतका पातळ. मामांनी बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. कडेला फक्त दोन गोळ्या.

मामांनी बॅग उघडली. गोळीला चपटीचा जोड, त्याला चपटी वायर, तिला पंधरा दातीचा जोड. दोन्ही नर निघाले, म्हणून मध्ये आणखी एक मादी-मादी जोड. त्याला पंधरा दाती वायर, ती प्रोजेक्टरला. टेबलावरून आगगाडीच्या डब्यांसारखी रांग लागली. आणि चित्र आलं! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी हात सोडला. चित्र गेलं.

मामांनी मधला जोड चिमटीत धरून थोडा उचलला. चित्र आलं. सोडला. गेलं.

"साहेब, तुमी बोला," मामा म्हणाले. "मी हाय."

आणि सव्वा तास तो माणूस पाहुण्यांच्या शेजारी, हात छातीपर्यंत उचलून, दोन बोटांत जोड धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. मध्येच एक माशी नाकावर बसली. मामांनी फुंकर मारून पाहिली. माशी उठली, कानावर बसली. अर्धी पोरं व्याख्यान सोडून माशीच बघत होती. पाहुणे उपग्रहांबद्दल सांगत होते, आणि मी सांगते, त्या दिवशी मुलांना उपग्रह काही फारसा कळला नसेल.

शेवटी वंदे मातरम् सुरू झालं. सगळे सावधान उभे राहिले. मामांनीही सवयीने हात खाली घेतले आणि पडद्यावरचा पाहुण्यांचा आभाराचा फोटो नाहीसा झाला.

पाहुणे जाताना म्हणाले, "मामा, तुमचे हाल झाले. पुढच्या वेळी वायरलेस करू. वायरच नको."

मामांनी हसून मान डोलवली. पाहुण्यांची गाडी गेल्यावर मला म्हणाले, "वायर न्हाई, मग बिघडल्यावर धरायचं काय?"

मामा यंदा मे महिन्याच्या शेवटी निवृत्त झाले. योगायोग असा, की त्याच महिन्यात कुणा देणगीदाराने शाळेला भिंतीवरचा मोठा टच स्क्रीनचा फळा दिला. जुना प्रोजेक्टर कपाटात गेला. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, आणि शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देण्यासाठी मामांना उभं केलं. मामांनी घड्याळ हातात घेतलं, मागून त्याच्या सेलचं तोंड बघितलं, आणि परत केलं.

"घड्याळ हाय घरी. मला तो जुना प्रोजेक्टर द्या."

सगळे हसले. मामा हसले नाहीत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो मामा, त्याचा बल्ब मंद झालाय. काय करायचाय तुम्हाला?"

"मंद असू द्या. आन पंधरा दाती वायर पायजे एक. लांबडी."

"पण करणार काय?"

"हाय काम."

संस्थेला पत्र गेलं, मंजुरी आली, आणि एका सकाळी मामा सायकलच्या कॅरिअरला प्रोजेक्टर गोधडीत गुंडाळून, दोरीने बांधून घेऊन गेले. सायकल हातात धरून चालतच. कुणी म्हणालं, क्रिकेटचे सामने दाखवणार. कुणी म्हणालं, लग्नात भाड्याने देणार. मीही त्या हसण्यात होते.

जून, जुलै गेला. पंधरा ऑगस्ट जवळ आला. मोठ्या बाईंच्या मनात आलं, की शाळेचे जुने फोटो नव्या फळ्यावर दाखवायचे. फोटो होते प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्याला तोंड पंधरा दाती. नव्या फळ्याला चपटं आणि गोळी. नव्या सरांनी एक जोड आणला, तो लागलाच नाही. दुसरा लागला, पण चित्र नाही आलं.

"जा बाई," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "तुम्ही त्याच रस्त्याने घरी जाता. गुंजाळमामांना हाक मारा."

मामांची वस्ती रस्त्यापासून आत, ओढ्याच्या काठाला. अकरा वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. संध्याकाळचे सात वाजले असतील. पावसाने उघडीप दिली होती. स्कूटर बाभळीखाली लावली आणि अंगणात आले, तर दारासमोर पंधरा-वीस चपला. बायकांच्या. घरात दिवा नाही. खिडकीला आतून घोंगडं लावलेलं. आत कुणी मोठ्याने बोलत नाही.

माझे पायच थांबले. इतक्या चपला आणि दिव्याविना घर, याचा खेड्यात एकच अर्थ असतो. मामा, की मामी? मामींना मी एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या गॅदरिंगला. मामा त्यांच्याबद्दल कधी बोलायचे नाहीत.

तेवढ्यात आतून आवाज आला. बाईचा, खणखणीत, संथ चालीतला. पोथीचा.

मी दार लोटलं. खोलीत काळोख, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर अक्षरं. एकेक अक्षर वीतभर. काळी, जाड, जुन्या छपाईची अक्षरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली जमिनीवर शेजारपाजारच्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. पुढे पाटावर मामी, भिंतीकडे तोंड करून, मान किंचित तिरकी धरून वाचत होत्या. मागे गोणपाटावर प्रोजेक्टर, त्याच्या शेजारी लॅपटॉप, आणि माउसवर बोट ठेवून गुंजाळमामा.

त्यांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी दाराशीच बसले.

थोड्या वेळाने मामांनी हात वर केला. "बल्ब तापला. दम घेऊ द्या त्याला." दिवा लागला. बायका उठल्या, चहा ठेवायला गेल्या. मामा मला घेऊन ओसरीवर आले.

"साखरेनं डोळे नेले तिचे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, पावसापाण्याचं सांगावं तसा. "नजरेच्या मधलंच गेलंय. कडंकडंनं दिसतं. तीस वर्सं झाली, दर श्रावणात वस्तीवर पोथी तीच वाचती. दुसऱ्या कुणाला ती चाल येत न्हाई. मागले दोन श्रावण वाचलीच न्हाई. रुमालात बांधल्याली पोथी मांडीवर घ्यायची आन बसायची. बायका यायच्या बंद झाल्या."

"पण पाठ असेल ना त्यांना?"

"निम्मी हाय. मी बी म्हणलं, तशीच म्हण. तर म्हणाली, न बघता म्हणायला मी काय टेप हाय का? पोथी वाचायची असती." मामा हसले. "डॉक्टर म्हणले, मोठं असंल तर दिसंल. मोठं म्हंजे केवढं, ते सांगितलं न्हाई. मी मोजत गेलो. भिंग आणलं, न्हाई झालं. पानांचं फोटो काढलं फोनात, ती मोठी करून बघायची, तर ओळ बाहेर पळायची. टीव्हीला जोडाय गेलो, तर फोनातनं चित्र बाहेर पडंना. मग पुतण्याच्या बायकोनं तिच्या कालिजातला लॅपटॉप दिला. पंधरा दाती. टीव्ही चपटा. झालं का! एक जोड आणला, चाललाच न्हाई. दुसरा चालला, तर अक्षर बोटभर. बोटभर पुरत न्हाई तिला. इतभर लागतं. तवा कळलं, टीव्ही नकोच, भिंत पायजे."

म्हणजे आम्ही ज्याला सिनेमा म्हणून हसत होतो ते हे होतं. मी विचारलं, "मामा, शाळेत कधी बोलला नाहीत. आम्ही काही तरी केलं असतं."

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. तक्रार नव्हती त्यात.

"कुणी इचारलं न्हाई, बाई. वायर इचारली, वायर दिली."

अकरा वर्षं मी त्यांच्याकडून वायर घेत होते. पहिल्या दिवशी 'मी हाय' म्हणाले होते ते. मी मात्र त्यांना घरी कोण आहे, एवढंही विचारलं नव्हतं.

मी कसंबसं आमचं काम सांगितलं. "उद्या प्रार्थनेच्या आधी येतो," ते म्हणाले. (आले, आणि जमवलंही.) "आता बसा. अध्याय पुरा होऊ द्या. चहा घ्या."

दिवा मालवला. भिंतीवर पुन्हा अक्षरं आली. एक बाई कप ठेवायला उठली तर तिची सावली पडली, आणि सगळ्या ओरडल्या, "ए, खाली बस, ओवी झाकली!"

मी मामांच्या शेजारी बसले होते. मामांची नजर मामींच्या पाठीवर होती. ते अक्षरांकडे बघतच नव्हते. मी हळूच विचारलं, "मग पान कधी बदलायचं ते कसं कळतं?"

"ती श्वास घेती," ते कुजबुजले. "पानाच्या शेवटाला जरा मोठा घेती."

मामींनी श्वास घेतला. मामांनी बोट दाबलं. भिंत बदलली.

आणि मामी थांबल्या. नव्या पानाच्या डाव्या बाजूला, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीवर, भोपळ्याएवढा एक अंगठा होता. फोटो काढताना पान धरलेला. नखावरची भेगसुद्धा दिसत होती.

"आला परत अंगठा," मामी म्हणाल्या. बायका खळखळून हसल्या.

मामा अंधारात चुळबुळले. "उद्या दुसरा फोटो काढतो. का आत्ता काढू? थांबा, पोथी कुटं..."

"बसा गप. राहू द्या त्यो."

त्यांनी मान जरा तिरकी केली आणि भिंतीवरच्या त्या अंगठ्याकडे कडेच्या नजरेने पाहिलं. मग त्याच्याखाली झाकलेला शब्द त्या न बघताच म्हणाल्या, अंगठ्याच्या पलीकडचा शब्द भिंतीवरून उचलला, आणि पुढे वाचू लागल्या. मामांनी माउसवर बोट ठेवलं आणि पुढच्या श्वासाची वाट बघत बसले.